स्वेच्छानिवृत्तीतली 'स्वेच्छा': कंपन्यांच्या पुनर्रचनेची पार्श्वभूमी

मंत्रालयातल्या कारकुनाने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली आणि भोसरीतल्या फिटरने व्हीआरएस घेतली, ही वाक्यं आपण एकाच सुरात बोलतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्य सरकारच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो आणि त्याला पेन्शन मिळतं. नोटीस तो देतो, वेळ तो निवडतो. कारखान्यात नोटीस व्यवस्थापन लावतं, मुदतही तेच ठरवतं आणि पेन्शनच्या जागी एक चेक हातात पडतो. तरी दोन्हीला शब्द एकच, स्वेच्छानिवृत्ती. आपल्याकडे कंपन्यांची जी पुनर्रचना झाली, तिच्यातला बराचसा गुंता या एका शब्दात अडकलेला आहे.

त्याचं मूळ १९५३ मध्ये सापडतं. औद्योगिक विवाद कायद्यात त्या वर्षी कामगारकपातीची व्याख्या आली आणि तिच्यात काही अपवाद टाकले गेले. कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती हा पहिलाच अपवाद. पुढे हेच चार शब्द सगळं चित्र बदलतील, असं तेव्हा कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

आणीबाणीत, १९७६ साली, ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कपात, लेऑफ (कामगारांना तात्पुरतं घरी बसवणं) किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची आधी परवानगी घेणं सक्तीचं झालं. १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० वर आणली आणि १९८४ पासून ती लागू झाली. परवानगीच्या कागदावर सही करायला कुठलंही सरकार सहसा तयार नसायचं. त्यामुळे रीतसर बंद करण्याऐवजी कारखाना आपोआप बंद पडू देण्याची वाट रुळली. कच्चा माल थांबायचा, बिलं थकायची, वीज तुटायची आणि एका सकाळी गेटला टाळं दिसायचं. गिरणगावाने हे जवळून पाहिलं आहे. हिशोब मिळायलाही तिथे अनेकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. कायदा जाचक आहे ही मालकांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती, पण बंद कारखान्याची झळ पहिली कुणाला बसली, हे त्या तक्रारीत कधी आलं नाही.

जुलै १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर स्पर्धा खरोखरच दारात आली. आयात शुल्काचा कमाल दर त्या वर्षी १५० टक्के होता, तो १९९५ पर्यंत ५० टक्क्यांवर आला. ज्या मालाला तोवर परदेशी स्पर्धा नव्हती तो बनवणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आता माणसं कमी करायची होती. सरकारने मात्र कपातीचा कायदा बदलला नाही. त्याऐवजी फेब्रुवारी १९९२ मध्ये कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी आणि पुनर्वसनासाठी एक निधी काढला. त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक उपक्रमांमधल्या स्वेच्छानिवृत्तीवरच खर्च झाला, नवं काम शिकवणं मागे पडलं.

स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याने कपात नव्हती, म्हणून तिला सरकारची परवानगी लागत नव्हती. खासगी कंपन्यांना ही वाट मोकळी झाली ती आयकर कायद्यातून. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतले पाच लाख रुपये करमुक्त झाले. अटी अशा: कर्मचाऱ्याची सेवा १० वर्षं झालेली असावी किंवा वय ४० असावं, योजनेमुळे एकूण मनुष्यबळ घटावं, रिकामी झालेली जागा भरू नये आणि त्या माणसाला त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत घेऊ नये. जागा न भरण्याची अट वाचायला बरी वाटते, पण कंत्राटदाराचा कामगार कंपनीच्या पटावर नसतो. परमनंट माणूस गेला, जागा कागदावर रिकामी राहिली आणि त्याच मशीनवर निम्म्याहून कमी पगारात दुसरा हात चालू लागला, असं कितीतरी ठिकाणी झालं. पाच लाखांची ती मर्यादा अजूनही तेवढीच आहे.

आता 'स्वेच्छे'कडे येऊ. नोटीस बोर्डावर योजना लागायची, मुदत थोडक्या दिवसांची असायची. पुढची योजना यापेक्षा कमी पैशांची असेल, अशी कुजबुज सुरू व्हायची. सही न करणाऱ्याची बदली दूरच्या डेपोत व्हायची, किंवा काम काढून घेऊन त्याला नुसतं बसवून ठेवलं जायचं. द्वारसभेत युनियन विरोधात बोलायची, पण रक्कम वाढवून घेण्याच्या वाटाघाटीही तीच करायची. तिला दोष देणं सोपं आहे. गेट बंद होणार हे दिसत असताना जास्त पैसे मिळवून देणं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. तरीही अशा सहीला इच्छा म्हणावं, हे मला पटत नाही.

या शब्दाची न्यायालयीन परीक्षा बँकांच्या बाबतीत झाली. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांमधून सुमारे एक लाख कर्मचारी या मार्गाने बाहेर पडले. एकदा अर्ज दिला की मागे घेता येणार नाही, असं कलम योजनेत होतं. अनेकांनी मुदतीनंतर विचार बदलला, बँकांनी मानलं नाही, आणि प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २००२ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की अशी योजना म्हणजे प्रस्ताव नव्हे, प्रस्ताव मागवणारं निमंत्रण आहे. प्रस्ताव कर्मचाऱ्याचा असतो, म्हणून बँकेने तो स्वीकारेपर्यंत त्याला तो मागे घेता येतो. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे स्वीकारले होते, त्यांना परतीची वाट उरली नाही. करारकायद्याच्या दृष्टीने हा निकाल चोख आहे. पण अर्ज करताना माणूस कुठल्या दबावाखाली होता, हा प्रश्न त्या चौकटीत नीट मावत नाही, आणि पुष्कळांचा खरा प्रश्न तोच होता.

पैशांचं पुढे काय झालं, हेही या इतिहासात यायला हवं. १९९९ च्या सुमारास अल्पबचतीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. पाच लाख ठेवले की महिन्याला पाच हजार, घर चालेल असं गणित मांडून लोकांनी सह्या केल्या. मार्च २००३ पर्यंत दर आठ टक्क्यांवर उतरला आणि तेच पाच लाख महिन्याला ३,३३३ रुपये देऊ लागले. माणूस ४५ वर्षांचा, मुलं शाळेत.

एकरकमी पैसे हाच एक मार्ग होता असंही नाही. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने याच काळात हजारो माणसं कमी केली, पण लवकर बाहेर पडणाऱ्याला निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा रक्कम देण्याची योजना आखली. सरकारी दूरसंचार कंपन्यांच्या २०१९ च्या योजनेत झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार धरला होता. अट ५० वर्षं वयाची. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी सुमारे ९२ हजार माणसं घरी गेली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० झाली, म्हणजे जिथून १९७६ मध्ये सुरुवात झाली होती तिथे. कपातीच्या व्याख्येत स्वेच्छानिवृत्तीचा अपवाद कायम आहे. त्याच यादीत आता ठरावीक मुदतीच्या नेमणुकीचा शेवटही येतो. मुदत संपली की ती कपात नव्हे, म्हणून ना परवानगी लागते ना योजना. चाकण-रांजणगावात आज कामाला लागणाऱ्या अनेक तरुणांच्या नेमणूकपत्रावर शेवटची तारीख आधीच छापलेली असते.