जखमेतून रक्त थांबत नसेल तर: १०८ येईपर्यंत काय करावे
(रबाळे, महापे, तुर्भे आणि वागळे इस्टेटमधील आमच्या ग्राहकांसाठी, रक्तस्राव-पेटीसोबत)

पॉवर प्रेस, कटिंग व्हील, पत्र्याची कड, फुटलेली काच. यांपैकी कशानेही जखम झाली तरी आधी मशीनचा मेन स्विच बंद करा, हातमोजे चढवा आणि मगच जखमीला हात लावा.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीची किंवा दंडाची मुख्य धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळी गाडी तेवढ्यात पोहोचेल याची खात्री कोणी देऊ नये. रक्ताची चिळकांडी उडत असेल, धार थांबत नसेल, जमिनीवर थारोळे साचत असेल किंवा माणूस घामेजून असंबद्ध बोलू लागला असेल, तर या पेटीचे सील तोडा. एकाने लगेच १०८ किंवा ११२ लावावा, प्लॉट क्रमांकाबरोबर जवळची ठळक खूण सांगावी आणि एक माणूस गेटबाहेर उभा करावा. एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर गाड्या चुकतात.

दाब
कपडा कापून रक्त नेमके कुठून येते ते बघा. तिथे गॉजची घडी ठेवून, कोपर सरळ ठेवून, दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार टाका. माणूस कडक जमिनीवर असावा. गादीवर किंवा खुर्चीत दाब खाली जिरतो. घड्याळ लावून दहा मिनिटे हात उचलायचा नाही. ‘थांबले का’ म्हणून मध्येच उचलून बघणे ही सर्वांत जास्त होणारी चूक, कारण नुकती धरलेली गुठळी त्यानेच निघते. टॉवेलवर टॉवेल चढवूनही भागत नाही: थर जाड झाला की दाब पसरतो आणि धमनीपर्यंत पोहोचत नाही.

जखम खोल असेल तर वरून दाबून उपयोग नाही. गॉजची पट्टी बोटाने थेट रक्ताच्या उगमापर्यंत ठासत जा, पोकळी गच्च भरा आणि वरून दाब द्या. जांघ, काख आणि खांद्याच्या सांध्याजवळ हाच उपाय, कारण तिथे टूर्निकेट, म्हणजे हाता-पायाभोवती दांडीने आवळायचा पट्टा, बसत नाही. पेटीतले रक्त गोठवणारे गॉज असेल तर दाबाचा वेळ पाकिटावर छापलेला असतो, बहुधा तीन मिनिटे. छाती आणि पोटाच्या जखमेत मात्र काहीही ठासू नका. कापूस कुठेच नको, तंतू आत चिकटतात. हळद, चुना, चहापावडर, तंबाखू यांनी धमनी बंद होत नाही; सर्जनला जखम साफ करायला वेळ लागतो तो वेगळाच.

टूर्निकेट
हात किंवा पाय असेल आणि दाबाने रक्त आटोक्यात येत नसेल, किंवा अवयव तुटला असेल, तर पट्टा बांधा. जखमेपासून ५ ते ७ सेंटिमीटर वर, हृदयाच्या बाजूला, कोपर-गुडघ्यावर नाही. खिशातला मोबाइल, किल्ल्या आधी काढा. पट्टा हाताने जितका ताणता येईल तितका ताणा, मगच दांडी फिरवा. दांडी फिरतच राहिली तर पट्टा आधीच ढिला राहिला होता. रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळून दांडी खाचेत अडकवा, पट्ट्यावर वेळ लिहा.

जखमी ओरडेल. नीट बसलेला टूर्निकेट खूप दुखतो आणि दया येऊन तो सैल करणारे सहकारीच घात करतात. अर्धवट पट्ट्याने शिरा दबतात, धमनी चालू राहते आणि रक्त उलट वाढते. सैल करायचा निर्णय रुग्णालयातला. तरी रक्त येत असेल तर दुसरा पट्टा पहिल्याच्या वर.

पट्टा नसेल तर किमान चार बोटे रुंद घडी केलेले कापड आणि दांडीऐवजी पाना. पेन मोडते. सुतळी, वायर, केबल टाय मांसात रुततात, वापरू नका.

रुतलेली सळई, काच उपटू नका. भोवती गॉज रचून ती हलणार नाही असे करा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागू नये. जखमीला आडवे ठेवा, चादरीने झाका. थंड पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. पाणी मागितले तरी देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

पेटीची काळजी
पेटी मालकाच्या केबिनमध्ये कुलपात नको, मशीनजवळ भिंतीवर हवी, पण उन्हात नाही. पावसाळ्यात इकडच्या दमट हवेने चिकटपट्ट्या सुटतात, कात्री गंजते. जून आणि ऑक्टोबरमध्ये उघडून बघा, गॉजचे पाकीट फुटले किंवा मुदत संपली असेल तर बदला. सरावाचा पट्टा वेगळा ठेवा, पेटीतला सरावाने ताण धरेनासा होतो. आणि एकदा जखमेवर वापरलेला टूर्निकेट धुऊन परत पेटीत ठेवू नका.