कोंबडीच्या चोचीपर्यंत थेंब कसा आला

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर कोंबडीचं पाणी म्हणजे डालग्याशेजारी ठेवलेलं मातीचं परळ, नाहीतर फुटक्या मडक्याचा तळ. मोकळ्या फिरणाऱ्या दहा-बारा कोंबड्यांचं एवढ्यावर भागतं. अडचण सुरू होते ती कोंबडी खुराड्यात कोंडली की. मग ती परळात पाय देते, माती उकरून त्यात उडवते, काठावर बसून घाण करते आणि तेच पाणी पिते. घरच्या घरी बादलीला निपल, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी छोटी तोटी, लावायची धडपड आज जो कोणी करतो, तो याच जुन्या अडचणीशी झगडत असतो.

पहिला उपाय उलट्या भांड्याचा. भरलेलं भांडं ताटलीवर पालथं घालायचं. हवेच्या दाबामुळे पाणी आत धरून राहतं आणि ताटलीतलं जेवढं संपेल तेवढंच खाली येतं. पिल्लांसाठी हा ड्रिंकर अजूनही सोयीचा आहे. पण पाणी उघडंच राहतं, आणि खाली अंथरलेलं तूस त्यात पडायचं ते पडतंच.

पुढे धंदाच मोठा झाला. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली, आणि शेतकऱ्याच्या शेडमध्ये एकेका बॅचला हजारो पक्षी येऊ लागले. तिथे दोरीला टांगलेले घंटेच्या आकाराचे ड्रिंकर आले. पाणी आपोआप भरायचं, मात्र रोज घासावे लागायचे. धक्का लागला की खालचं तूस भिजायचं. ओल्या तुसातून अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात. त्याहून वाईट म्हणजे रक्ती हगवणीच्या परजीवीला वाढायला ओल लागतेच.

निपलने नेमकं इथे बोट ठेवलं. कोंबडी गाईसारखी पाणी ओढून पीत नाही. ती चोचीत थोडं घेते, मान वर करते आणि घशात उतरू देते. कबुतराला ओढून पिता येतं, कोंबडीला नाही. अशा पक्ष्याला ताटलीभर पाणी लागतच नाही, थेंब पुरतो. निपलच्या आत एक छोटी पिन असते. चोचीने ती हलवली की थेंब सुटतो, सोडली की वाट बंद. परदेशात ही पद्धत आधी पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या कोंबड्यांसाठी रुळली, ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये नंतर आली. पाणी वाचतं म्हणून तिचं कौतुक होतं, पण माझ्या मते तिचं खरं मोल पाणी झाकलेलं राहण्यात आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. रानपाखरंही ज्यात चोच घालतील अशा उघड्या पाण्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

नाशिकच्या माणसाला हे तंत्र परकं वाटत नाही, याचं श्रेय द्राक्षबागेला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इथे ठिबक सिंचन पसरलं आणि थेंबाचा हिशोब अंगवळणी पडला. घरगुती निपल लाइनला, म्हणजे निपल बसवलेल्या नळीला, लागणारं बरंचसं सामान बागेच्या खोलीत पडलेलंच असतं: ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी), नळीच्या टोकाची एंड कॅप, टेफ्लॉन टेप, जाळीचा फिल्टर. काळी नळी का चांगली, हेही ठाऊक असतं. आत उजेड गेला नाही तर शेवाळ धरत नाही. बोअरच्या क्षाराने ड्रिपर चोंदतो, तशीच पिनही अडकते.

एका बाबतीत मात्र ठिबकची सवय फसवते, ती म्हणजे दाब. मी पहिली लाइन थेट गच्चीवरच्या टाकीला जोडली होती आणि सकाळपर्यंत सगळं तूस लगदा झालं होतं. दहा मीटर उंचीचं पाणी चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देतं. इतक्या दाबाने निपल गळतो, शिवाय पिलाच्या चोचीला पिन हलत नाही. लाइनच्या वर हात-दीड हातावर फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी भरलं की आपोआप बंद होणारी झडप) लावलेली बादली ठेवली आणि गळती थांबली. मोठ्या शेडमध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर जे करतो, तेच काम इथे बादली करते. निपलची उंची पक्ष्याला मान किंचित ताणावी लागेल इतकी ठेवायची, आणि पक्षी वाढेल तशी लाइन वर घ्यायची.

परळावर वाढलेल्या कोंबडीला निपल कळायला वेळ लागतो. बोटाने पिन हलवून थेंब चमकू द्यावा. चमकणाऱ्या गोष्टीला ती चोच मारतेच, आणि एक शिकली की बाकीच्या तिचं पाहून शिकतात. तोवर जुनं परळ काढायचं नाही. मे महिन्यात पारा चाळिशीकडे सरकतो, नळीतलं पाणी तापतं आणि कोंबड्या प्यायला मागे हटतात. मग मी दुपारी लाइनमधलं पाणी सोडून देऊन गार भरतो, आणि तेवढे दिवस सावलीत परळही मांडतो, रोज दोनदा घासून.