राज्य लॉटरीचे नियमन (भारत)

राज्य सरकारतर्फे चालणाऱ्या सोडतींवरील कायदेशीर, प्रशासकीय व आर्थिक नियंत्रण. सरकारी मान्यतेवाचून लॉटरीचे दुकान थाटणे हा भारतात गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे. सरकारची स्वतःची लॉटरी या कलमातून वगळलेली आहे. जो व्यवहार दुसऱ्याने केला तर पोलीस दारात येतात, तोच सरकार तिजोरीसाठी करते आणि त्यावर नजरही बव्हंशी तेच ठेवते. या विषयातले बहुतेक नियम आणि बहुतेक खटले या अडचणीतून उद्भवले आहेत.

संविधानाने अधिकारांची वाटणीही सरळ ठेवलेली नाही. सातव्या अनुसूचीत 'पैज व जुगार' हा विषय राज्य सूचीत (नोंद ३४) आहे, तर केंद्र किंवा राज्य सरकारने भरवलेल्या लॉटऱ्या संघ सूचीत (नोंद ४०) आहेत. त्यामुळे लॉटरी चालवते राज्य, पण तिच्याविषयी कायदा करते संसद. पैज-जुगारावरील कराचा अधिकार २०१६ पर्यंत पुन्हा राज्याकडे होता (तेव्हाची नोंद ६२). लॉटरीला साधा व्यापार मानायचे नाही, ही भूमिका मात्र न्यायालयांनी सातत्याने घेतली. तिचा पाया १९५७ सालच्या 'मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला' या निकालात आहे. शब्दकोडी व बक्षीसस्पर्धांवरील करावरून झालेल्या त्या खटल्यात, जुगाराला व्यापारस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

केंद्रीय कायदा येण्यापूर्वीच्या गोंधळाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. इतर राज्यांची तिकिटे आपल्या हद्दीत विकू देणार नाही, असा आदेश महाराष्ट्र सरकारने काढला होता. 'एच. अनराज विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९८४) या खटल्यात तो टिकला नाही. विषय संघ सूचीतला असल्याने राज्याला नुसत्या प्रशासकीय आदेशाने अशी बंदी घालता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हा विषय पुढे लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ या कायद्याने हाताळला. त्याचे मर्म कलम ४ मध्ये आहे. तिकिटे राज्यानेच छापायची, त्यांवर राज्याचे बोधचिन्ह हवे, सोडत राज्यानेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची, विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात (एका सरकारी खात्यात) भरायची. मुदतीत कोणी न मागितलेले बक्षीस सरकारचे, वितरकाचे नव्हे. आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा एकाच अंकावर बक्षीस देण्यास मनाई आहे. या 'एक आकडी' लॉटरीत आणि मटक्यात तिकिटाच्या कागदाखेरीज फारसा फरक नव्हता. अटी मोडणाऱ्या लॉटरीवर केंद्र सरकार बंदी घालू शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही.

एका लॉटरीची आठवड्यातून एकच सोडत आणि वर्षाला जास्तीत जास्त सहा बंपर, हीही त्याच कलमातली अट. तिकिटांच्या स्टॉलवर रोज वेगळ्या नावाची सोडत का दिसते, याचे उत्तर या अटीत आहे. नाव बदलले की कायद्याच्या लेखी लॉटरी निराळी. सात नावे असली की आठवडाभर रोज सोडत. २०१० च्या केंद्रीय नियमांनी एका राज्याच्या सर्व योजनांच्या मिळून दिवसाला २४ सोडतींची मर्यादा घातली. संयमाच्या हेतूने लिहिलेल्या कलमातून तासाला एक सोडत बसेल एवढी वाट निघाली, असेच म्हणावे लागते. तिकिटांची छपाई सरकारी मुद्रणालयात किंवा रिझर्व्ह बँकेच्या अथवा इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतील सुरक्षित छापखान्यातच करायची, हा त्याच नियमांतला अधिक उपयोगी भाग.

१९९८ च्या कायद्याच्या कलम ५ ने राज्यांना परराज्यातील लॉटरीवर बंदी घालण्याचा अधिकार दिला. 'बी. आर. एंटरप्रायझेस' (१९९९) खटल्यात न्यायालयाने तो वैध ठरवला, पण एका अटीवर: ज्या राज्याची स्वतःची लॉटरी नाही, तेच इतरांची रोखू शकते. आपले दुकान चालू ठेवून शेजाऱ्याचे बंद करता येत नाही. तामिळनाडूने २००३ मध्ये, कर्नाटकने २००७ मध्ये लॉटरी पूर्ण बंद केली. महाराष्ट्राने आपली चालू ठेवली, त्यामुळे परराज्यांच्या तिकिटांनाही इथली बाजारपेठ खुली राहिली.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. मुंबईत मटक्याचा जोर असतानाचा तो काळ. लोकांना फसवणुकीच्या जुगारापासून दूर ठेवणे हा घोषित हेतू. कारभार वित्त विभागाकडे आहे. अल्पबचत आणि लॉटरी ही दोन्ही कामे एकाच आयुक्ताकडे सोपवण्याची इथली रीत गमतीची आहे. गोव्यातही 'अल्पबचत व लॉटरी' असे एकच संचालनालय आहे. हिशेबात लॉटरीची जमा मुख्य शीर्ष (सरकारी हिशेबातील खाते) ००७५ खाली आणि बक्षिसे, कमिशन, छपाई यांचा खर्च २०७५ खाली दाखवला जातो. म्हणून अर्थसंकल्पातली जमेची बाजू एकटी वाचून उपयोग नाही; बक्षिसांचा मोठा वाटा वजा जाता उरते ते खरे उत्पन्न. हे लेखे महालेखापरीक्षकांच्या तपासणीत येतात.

केरळची लॉटरी देशातली पहिली सरकारी लॉटरी. १९६७ मध्ये १ रुपयाचे तिकीट व ५०,००० रुपयांचे पहिले बक्षीस घेऊन ती निघाली. पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला झाली. तिथे मधला ठेकेदार नाही. लॉटरी संचालनालय जिल्हा कार्यालयांमार्फत थेट एजंटांना तिकिटे विकते आणि सोडत तिरुवनंतपुरमच्या गोर्की भवनात पंचांसमोर, लोकांदेखत निघते. देखरेखीच्या दृष्टीने हीच रचना सर्वांत स्वच्छ म्हणता येईल, कारण छापलेले, विकलेले आणि परत आलेले तिकीट एकाच खात्याच्या वहीत असते.

ईशान्येकडील लहान राज्यांचे गणित वेगळे. त्यांची तिकिटे खपतात मुख्यतः राज्याबाहेर. त्यामुळे विक्री मुख्य वितरकाच्या हाती जाते आणि राज्याचे डोळे तिथपर्यंत पोहोचत नाहीत. सिक्कीमच्या लॉटरीवरील सेवाकराच्या खटल्यात, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हे नाते नेमके सांगितले: वितरक हा राज्याचा एजंट नव्हे, तो तिकिटे स्वतः विकत घेणारा स्वतंत्र पक्ष आहे. म्हणून केंद्राला त्याच्यावर सेवाकर लावता येत नाही. या थरात किती पैसा फिरतो याची कल्पना २०२४ मध्ये आली. निवडणूक रोख्यांची यादी जाहीर झाली तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार फ्युचर गेमिंग ही लॉटरी वितरण कंपनी निघाली. रक्कम १,३६८ कोटी रुपये.

जीएसटीत सुरुवातीला राज्याने स्वतःच्या हद्दीत विकलेल्या लॉटरीवर १२ टक्के आणि राज्याने परवानगी दिलेल्या, बाहेर विकल्या जाणाऱ्या लॉटरीवर २८ टक्के कर होता. एकच दर असावा की दोन, यावरून राज्यांत एकमत होईना. अखेर १८ डिसेंबर २०१९ च्या ३८ व्या बैठकीत जीएसटी परिषदेने तिच्या इतिहासात प्रथमच मतदान घेतले. १ मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के दर लागू झाला. विजेत्याच्या बक्षिसातून ३० टक्के आयकर निराळा कापला जातो.