शिक्षकाची भाषाजाणीव

शिकवत असलेल्या भाषेच्या घडणीचे शिक्षकाचे ज्ञान आणि ते ज्ञान वर्गात, शिकणाऱ्याची अडचण ओळखून, वापरण्याची त्याची क्षमता. ही संकल्पना उपयोजित भाषाविज्ञान व अध्यापकशिक्षण यांच्या सीमेवर वाढली. भाषा अस्खलित बोलता येणे, तिचे व्याकरण ठाऊक असणे आणि ती शिकवता येणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिचे गृहीतक.

मराठीतील एका उदाहरणाने ते स्पष्ट होईल. परभाषक विद्यार्थी ‘तो पत्र लिहिला’ असे म्हणतो. ‘त्याने पत्र लिहिले’ ही दुरुस्ती कोणीही मराठी भाषक सहज करील. विद्यार्थ्याने कारण विचारले, तर ‘सकर्मक क्रियापद भूतकाळात असेल तर कर्त्याला ने लागतो’ असे उत्तर बहुधा मिळते. मग तोच विद्यार्थी ‘मीने पत्र लिहिले’ आणि ‘त्याने धडा शिकला’ अशी वाक्ये करतो. नियम त्याने प्रामाणिकपणे पाळलेला असतो. अपुरा असतो तो नियमच. प्रमाण मराठीत ‘मी’, ‘तू’ यांना हा प्रत्यय दिसत नाही, तरी क्रियापद कर्माप्रमाणेच चालते. शिकणे, विसरणे यांसारखी काही क्रियापदे सकर्मक असूनही कर्तरी प्रयोगात राहतात. स्वतः ही रूपे बिनचूक वापरणाऱ्या शिक्षकाला हा भेद एरवी कधी शब्दांत मांडावा लागलेला नसतो. भाषाजाणिवेची गरज नेमकी येथे भासते.

संज्ञेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. ती रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ज्ञ एरिक हॉकिन्स यांच्या १९८४ मधील पुस्तकाला देतात. तथापि त्यांचा भर विद्यार्थ्यांच्या जाणिवेवर, विशेषतः मातृभाषा व परकी भाषा यांच्या तासांमधील तुटलेला दुवा सांधण्यावर होता. काहीजण उगम आणखी मागे, एम. ए. के. हॅलिडे यांच्या नेतृत्वाखाली १९६४ ते १९७१ या काळात लंडनमध्ये चाललेल्या भाषाविज्ञान व इंग्रजी अध्यापनविषयक प्रकल्पात शोधतात. ब्रिटिश शासनाने इंग्रजीच्या अध्यापनाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या बुलक समितीने १९७५ मध्ये प्रत्येक शिक्षकाच्या प्रशिक्षणात भाषाविषयक अभ्यासक्रम असावा, अशी शिफारस केली होती. इंग्रजी भाषेच्या अध्यापनाविषयीच्या १९८८ च्या किंगमन अहवालानंतर इंग्लंड व वेल्समध्ये शिक्षकांसाठी रोनाल्ड कार्टर यांच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण-साहित्य तयार झाले. ते अधिकृतपणे प्रकाशित करण्यास १९९१ मध्ये शासनाने नकार दिला. व्याकरण म्हणजे शुद्धाशुद्धतेचे नियम की वापरातील भाषेचे वर्णन, हा वाद त्यामागे होता. शिक्षकाची जाणीव हा स्वतंत्र विषय म्हणून पाहायचा झाल्यास ज्युलियन एज (१९८८) तसेच टोनी राइट व रॉड बोलिथो (१९९३) यांच्या लेखांपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एज यांनी शिक्षकाच्या भाषावापरकर्ता, भाषाविश्लेषक व भाषाशिक्षक अशा तीन भूमिका सांगितल्या. पुढील बहुतेक मांडणी याच विभागणीवर उभी आहे.

दुसरा प्रवाह सामान्य शिक्षणशास्त्राचा. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि विषय समजावून देण्याचे ज्ञान यांत भेद केला. हाँगकाँगमधील माध्यमिक शिक्षकांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या स्टीफन अँड्रूज यांनी (२००७) हा भेद भाषेला लावताना एक महत्त्वाची अडचण दाखवली: इतर विषयांत भाषा हे माध्यम असते; भाषेच्या तासाला तीच माध्यम आणि तीच आशय. त्यामुळे शिक्षकाचे प्रभुत्व आणि त्याचे व्याकरणज्ञान एकमेकांपासून तोडता येत नाहीत. शिकणाऱ्याची त्या क्षणीची अर्धवट घडलेली भाषा, म्हणजे लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये वर्णिलेली आंतरभाषा, ओळखता येणे हा अँड्रूज यांच्या मांडणीतील, प्रभुत्व व व्याकरणज्ञान यांच्या जोडीचा, तिसरा घटक. संज्ञापाठांतराच्या परीक्षेत तो मोजता येत नाही. प्रस्तुत संकल्पनेचा गाभा मात्र तोच होय.

परिणामांविषयीचे संशोधन संमिश्र आहे. रॉय लिस्टर व लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला. शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या चुकीचे वाक्य शुद्ध करून पुन्हा उच्चारण्याच्या स्वरूपाच्या होत्या. पण विद्यार्थ्यांकडून सर्वांत कमी प्रतिसाद त्यांनाच मिळाला. डेब्रा मायहिल व सहकाऱ्यांनी (२०१२) व्याकरण लेखनाशी जोडून शिकवल्यास लेखन सुधारते, असे दाखवले. मात्र लाभ मुख्यतः आधीच चांगले लिहिणाऱ्यांना झाला आणि शिक्षकाच्या भाषाज्ञानानुसार तो कमीअधिक झाला. पुढे प्राथमिक शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीत असा लाभ आढळला नाही. यावरून व्याकरण निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल, कारण तोच पाठ दोन शिक्षकांच्या हाती सारखा राहत नाही.

अध्यापकशिक्षणात या जाणिवेसाठी वर्गातील संवादांचे ध्वनिमुद्रण तपासणे, विद्यार्थ्यांच्या चुकांचे वर्गीकरण, पाठ्यपुस्तकातील नियम खऱ्या वापराशी ताडून पाहणे अशा कृती योजतात. सायमन बोर्ग यांच्या शिक्षकबोधनविषयक, म्हणजे शिक्षक काय जाणतो, मानतो व विचार करतो याविषयीच्या, आढाव्यांनुसार (२००३, २००६) शिक्षक व्याकरण कसे शिकवतो यावर प्रशिक्षणाइतकाच, कधी अधिक, त्याच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेचा ठसा असतो. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याला निरीक्षणातून झालेली उमेदवारी म्हटले होते. म्हणूनच भाषाविज्ञानाची एखादी स्वतंत्र प्रश्नपत्रिका वाढवल्याने वर्गातले व्याकरण बदलतेच असे नाही. आपण व्याकरण कसे शिकलो, हे प्रशिक्षणार्थ्याने आधी तपासावे लागते. उपलब्ध संशोधन बव्हंशी इंग्रजीच्या अध्यापनाविषयी आहे. मराठीसारख्या रूपसंपन्न, म्हणजे शब्दांची प्रत्ययांनी अनेक रूपे होणाऱ्या, भाषांना त्यातील निष्कर्ष लावताना वरील ‘ने’ सारखी प्रकरणे नव्यानेच अभ्यासावी लागतात.