मॉरिशस आणि फिजी: गिरमिट एकच, गणित वेगळं

ऊस, गिरमिटिये म्हणजे करारावर नेलेले मजूर, इंग्रजांचं राज्य, बेटावरची देवळं. मॉरिशस म्हणा की फिजी म्हणा, आपल्याकडे वर्णन हेच. ‘तिकडे सगळे आपलेच लोक’ म्हटलं की विषय संपतो. लोक आपलेच, पण दोन देशांतली त्यांची जागा सारखी नाही.

मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात. १६३८ मध्ये डच तिथे वस्तीला आले तेव्हा बेटावर माणूसच राहत नव्हता. पुढे फ्रेंच मळेवाले आले, त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले, १८३४ पासून इंग्रजांनी भारतातून मजूर नेले, मागून चिनी व्यापारी आले. थोडक्यात, तिथे भूमिपुत्र कोणीच नाही. फिजी पडलं पार पॅसिफिकमध्ये, आणि तिथे मूळचे इतौकेई लोक सुमारे तीन हजार वर्षं राहत होते. त्यांच्या सरदारांनी १८७४ मध्ये बेटं ब्रिटनच्या हवाली केली. १८७९ मध्ये ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले गिरमिटिये उतरले. १९१६ पर्यंत साठ हजारांच्या आसपास. मॉरिशसला गेलेले मात्र साडेचार लाखांच्या घरात.

मराठी माणूस मॉरिशसमध्ये भेटतो, फिजीत का नाही, याचं उत्तर बंदरात आहे. फिजीची गिरमिटाची जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून सुटायची. मॉरिशसला मुंबईहूनही मजूर गेले, त्यात रत्नागिरीकडचे बरेच. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

आता मॉरिशसचे आकडे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेनुसार हिंदू सुमारे ४८ टक्के, ख्रिश्चन जवळपास एक तृतीयांश, मुस्लिम १७ टक्के. भारतीय वंशाचे मात्र साधारण दोन तृतीयांश, कारण मुस्लिमही बहुतेक भारतातूनच गेलेले. म्हणजे ‘हिंदू’ आणि ‘भारतीय वंशाचे’ या दोन आकड्यांची अदलाबदल करून चालत नाही. त्यात रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे भोजपुरी-हिंदी मुळाचे. तमिळ, तेलुगू, मराठी हे वेगळे समाज धरले जातात. धर्म विचारला तर ‘मराठी’ असं सांगणारेही आहेत!

राज्यघटनेची विभागणी आणखी तिसरीच. तिच्यात समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. जो आपल्या राहणीवरून पहिल्या तिघांत बसत नाही, तो चौथ्यात. त्यामुळे गुलामांचे वंशज क्रिओल आणि साखरमळ्यांच्या मालकांचे गोरे वंशज एकाच रकान्यात! हे केवळ कागदी नाही. संसदेत ६२ जागा मतांनी भरतात आणि कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांसाठी पराभूत उमेदवारांतून आठपर्यंत जागा दिल्या जातात. त्याचा हिशेब आजही १९७२ च्या जनगणनेवर होतो, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. पन्नास वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर आजचे खासदार ठरवणं मला तरी अजब वाटतं. पण समतोलाबद्दल तिथले लोक किती हळवे आहेत, हे १९९८ मध्ये दिसलं. नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला, तमिळ समाज खवळला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

फिजीत असे चार रकाने नाहीत, तिथे सामना मुख्यतः दोघांत. २००७ च्या जनगणनेत इतौकेई ५७ टक्के, भारतीय वंशाचे ३७ टक्के. इतौकेई जवळपास सगळे ख्रिश्चन, त्यातही मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे जास्त, त्यामुळे देशात ख्रिश्चन ६४ टक्के आणि हिंदू २८. मॉरिशसमध्ये वंश आणि धर्म एकमेकांत गुंतलेत. फिजीत धर्म सांगितला की वंशाचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. शिवाय ८५ टक्क्यांहून जास्त जमीन इतौकेई कुळांची, उसाचा शेतकरी भारतीय वंशाचा आणि जमीन भाडेपट्ट्याची. पट्टा संपला की कुटुंब उठलं.

विसाव्या शतकाच्या मध्याला भारतीय वंशाचे इतौकेईंपेक्षा संख्येने जास्त झाले होते. १४ मे १९८७ ला, ‘लिओनिडास’ आलं त्याच तारखेला, लष्करी अधिकारी सितिवेनी राबुका यांनी भारतीय वंशाच्या लोकांच्या पाठिंब्यावर आलेल्या सरकारविरुद्ध उठाव केला आणि हजारो कुटुंबं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाकडे निघाली. २००० मध्ये भारतीय वंशाचे पंतप्रधान महेंद्र चौधरींचं सरकार ओलीस धरलं गेलं, तेव्हा आणखी गेली. संसदेतल्या समाजनिहाय राखीव जागा २०१३ च्या घटनेने काढून टाकल्या. राबुका पुढे पुन्हा पंतप्रधान झाले आणि २०२३ मध्ये १९८७ च्या उठावाबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. तोवर टक्केवारी पालटून गेली होती.