कॅसची फाईल: पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्ताव नेमका कुठे अडतो

महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाची बढती रिक्त जागेवर अवलंबून नसते. करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे ‘कॅस’खाली सेवेची वर्षे, प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आणि वार्षिक मूल्यमापन पूर्ण झाले की स्थाननिश्चितीचा, म्हणजे वरच्या वेतनस्तरावर जाण्याचा, प्रस्ताव देता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) 18 जुलै 2018 ची नियमावली आणि महाराष्ट्र शासनाचा 8 मार्च 2019 चा शासन निर्णय, हे दोन्ही समोर ठेवूनच फाईल लावायला घ्यावी.

वेतनस्तर, म्हणजे लेव्हल, 10 (प्रारंभिक मूळ वेतन 57,700 रुपये) वरून लेव्हल 11 (68,900 रुपये) वर जायला पीएच.डी. असल्यास 4 वर्षे, एम.फिल. असल्यास 5 आणि दोन्ही नसल्यास 6 वर्षे सेवा लागते. सोबत 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवाच. त्याखेरीज एक रिफ्रेशर किंवा रिसर्च मेथडॉलॉजी कोर्स केला की अभ्यासक्रमांची अट निर्विवाद पूर्ण होते. कार्यशाळा आणि ऑनलाइन कोर्सचे पर्याय नियमात आहेत, पण त्यांच्या कालावधीवरून छाननीत प्रश्न निघतात.

लेव्हल 11 वरून 12 ला 5 वर्षे. तिथून सहयोगी प्राध्यापक (लेव्हल 13ए) व्हायला 3 वर्षे आणि पीएच.डी. अनिवार्य. प्राध्यापकपदासाठी आणखी 3 वर्षे, किमान 10 शोधनिबंध, त्यांतील 3 मूल्यमापन कालावधीतले, आणि किमान 110 रिसर्च स्कोअर, म्हणजे प्रकाशने व इतर संशोधनकामाचे गुण.

वार्षिक श्रेणीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. नेमून दिलेल्या तासिकांपैकी 80 टक्के किंवा जास्त घेतल्यास ‘चांगले’, 70 ते 80 च्या दरम्यान ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. 400 पैकी 310 तासिका म्हणजे 77.5 टक्के, आणखी 10 घेतल्या असत्या तर श्रेणी बदलली असती. परीक्षेचे काम, एनएसएस, समित्या, संशोधन अशा उपक्रमांपैकी वर्षाला किमान एक तरी दाखवावा लागतो, तीन असले तर ‘चांगले’. उपक्रम शून्य असेल तर तासिका शंभर टक्के घेऊनही ते वर्ष वाया जाते. म्हणून मूल्यमापन अर्ज दर जूनमध्येच भरून, प्राचार्यांची सही आणि आयक्यूएसीची (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) पडताळणी त्याच वर्षी घ्यावी. सहा वर्षांचे अर्ज एका आठवड्यात, एकाच शाईत भरलेले समितीला लगेच ओळखू येतात.

रिसर्च स्कोअर काढताना सहलेखक विसरू नका. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत एका शोधनिबंधाला 10 गुण. दोघे लेखक असतील तर प्रत्येकी 7. तिघे असतील तर मुख्य लेखकाला 7 आणि इतरांना 3-3. शिवाय एकूण स्कोअर किमान तीन प्रकारांतून यायला हवा. नुसत्या शोधनिबंधांवर 110 गाठले तरी चालत नाही. नियतकालिकाच्या नावाची नक्कल करणारी बनावट संकेतस्थळे आहेत, तेव्हा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आणि प्रकाशनाच्या वेळी ते नियतकालिक यूजीसीच्या यादीत असल्याचा पुरावा निबंधाच्या प्रतीला जोडून ठेवा.

फाईलमध्ये नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचे मान्यता पत्र, सेवापुस्तकाच्या साक्षांकित प्रती, आधीच्या स्थाननिश्चितीचा आदेश, पदवी व पीएच.डी.ची अधिसूचना, कोर्सची प्रमाणपत्रे आणि वर्षवार मूल्यमापन अर्ज, या क्रमाने लावून पानांना क्रमांक द्या. मान्यता पत्रातली आणि सेवापुस्तकातली नियुक्तीची तारीख जुळत नसेल तर प्रस्ताव देण्याआधीच दुरुस्ती करून घ्या. नंतर ही तफावत उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीच्या वेळी निघते आणि तिथून फाईल परत यायला महिने लागतात.

अर्ज देय तारखेच्या तीन महिने आधीपासून देता येतो आणि प्रक्रिया सहा महिन्यांत संपवण्याची जबाबदारी संस्थेची आहे. लेव्हल 11 व 12 साठी छाननी तथा मूल्यमापन समिती बसते, त्यापुढे निवड समिती. बैठक उशिरा झाली तरी देय तारखेला अटी पूर्ण असतील तर लाभ मूळ देय तारखेपासूनच मिळतो. पण ओरिएंटेशन उशिरा केले असेल तर देय तारीख कोर्स संपला त्या दिवसापर्यंत पुढे सरकते. शिक्षकांचे सर्वांत मोठे आर्थिक नुकसान इथेच होते. समितीने नाकारल्यास पुन्हा वर्षभराने मूल्यमापन होते आणि मूळ तारीखही हातची जाते. समितीच्या बैठकीच्या दिवशी शिक्षक प्रत्यक्ष सेवेत असावा लागतो, त्यामुळे निवृत्ती जवळ आलेल्यांनी अर्जाची पोच घेऊन बैठकीच्या तारखेसाठी लेखी पाठपुरावा करावा.