बेडकाची चाल आणि बदलते हवामान

मृगाचा पाऊस बरसला, की आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्याच्या कातळातील उथळ डबक्यांभोवती कुशीवर पिवळ्या छटा असलेले भेक (बेडकांचाच एक प्रकार) एकाएकी गोळा होतात, अंडी घालतात आणि काही दिवसांतच दिसेनासे होतात. 2009 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला हा आंबोली भेक जवळपास या परिसरापुरताच ठाऊक आहे. उकाडा वाढला किंवा पावसाचे वेळापत्रक हलले, तर तो जाणार कुठे, हा प्रश्न साधा वाटतो. मात्र तो नेमका मांडायला विज्ञानाला बराच काळ लागला.

उभयचरांच्या ऱ्हासाची चिंता ऐंशीच्या दशकाअखेरीस जगभर पसरली. कोस्टा रिकातील मोन्तेवेर्दे येथे 1987 मध्ये दीड हजारांहून अधिक सोनेरी भेक मोजले गेले होते, 1989 मध्ये अवघा एक दिसला आणि त्यानंतर एकही नाही. याला कोरडे हवामान कारणीभूत की बुरशीजन्य रोग, यावर पुढे बराच वाद झाला. माझ्या मते त्या वादात एक बाब काहीशी मागे पडली: या प्राण्याचे सारे जग ढगांत बुडालेल्या एका डोंगरधारेवरच्या काही चौरस किलोमीटरांत सामावलेले होते आणि तिथून हलण्याचा पर्याय त्याला नव्हता.

उभयचर दूर का जात नाहीत, याचे उत्तर त्यांच्या त्वचेत आहे. श्वसनालाही उपयोगी पडणारी ही पातळ त्वचा उन्हावाऱ्यात भराभर पाणी गमावते, त्यामुळे कोरडे शेत किंवा डांबरी रस्ता ओलांडणे जिवावर बेतते. त्यातच अनेक जाती वर्षानुवर्षे त्याच डबक्याकडे परततात. तरीही बेडूक घरकोंबडा असतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. 2005 मध्ये 90 जातींवरील नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा 44 टक्के जाती 400 मीटरपलीकडे गेल्याचे आढळले नाही, पण सुमारे 5 टक्के जातींनी 10 किलोमीटरहून अधिक अंतर कापलेले होते.

या फरकाचे वजन 2006 मध्ये युरोपातील उभयचर आणि सरीसृपांवरील अभ्यासाने दाखवून दिले. हवामान तापल्यावर प्राणी हवे तिथे पोहोचू शकतात असे मानले, तर बहुतेक जातींचे आढळक्षेत्र वाढते. ते जागचे हलत नाहीत असे मानले, तर बहुतेकांचे घटते. ही दोन्ही गृहीतके गणिताला सोयीची होती, इतकेच. प्रत्यक्षातला बेडूक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि नेमका कुठे, हे जातीगणिक बदलते.

1935 मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेल्या ऊस-भेकांची आगेकूच पूर्वी वर्षाला दहाएक किलोमीटर होती, ती पुढे पन्नासच्या वर गेली. आघाडीवरच्या भेकांचे पाय मागच्यांपेक्षा लांब असल्याचेही दिसून आले, म्हणजे पसरण्याची क्षमता स्वतःच बदलू शकते. मादागास्करच्या त्सारातानाना पर्वतावर मात्र दशकभरात उभयचर व सरीसृप सरासरी वीस ते पन्नास मीटरच वर सरकले होते, आणि शिखर गाठल्यावर तीही सोय उरत नाही.

आंबोलीचा सडा म्हणजे डोंगराचा माथाच. आंबोली भेकाच्याच प्रजातीतील (genus) दुसरी जात उत्तरेला कोयनेच्या परिसरात आहे. पण मधल्या दऱ्या, शेते आणि पावसाळी पर्यटकांच्या गाड्यांनी गजबजलेले घाटरस्ते या बोटभर भेकाने कसे ओलांडायचे, याचा रकाना भावी आढळक्षेत्राच्या बहुतेक नकाशांत नसतो.